विशेषणे नंतर, आधी वह्या: माजी विद्यार्थी संघांना खुले पत्र

प्रति,
विद्यापीठांच्या माजी विद्यार्थी संघांचे पदाधिकारी आणि गौरवग्रंथ समित्यांचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

एखाद्या प्राध्यापकांची पंचाहत्तरी जवळ आली, कुणी निवृत्त झाले किंवा कुणी गेल्याचे कळले, की तुमच्याकडे धावपळ सुरू होते. समिती नेमली जाते, ‘आपापल्या आठवणी लिहून पाठवा’ असा निरोप फिरतो आणि महिन्याभरात संपादकापुढे लेखांचा ढीग पडतो. त्यातल्या बहुतेक लेखांत सर ‘शिस्तप्रिय पण आतून प्रेमळ’ असतात, ‘अवघड विषय सोपा करून सांगण्याची हातोटी’ त्यांना असते आणि ‘आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे’ यावर लेख संपतो. वरचे नाव झाकले तर लेख कुणावर आहे ते ओळखू येत नाही. सर भौतिकशास्त्र शिकवत होते की व्याकरण, तेही कधीकधी कळत नाही.

आमच्यापैकी काही जण असे ग्रंथ संपादित करतात, काही जण मुलाखती ध्वनिमुद्रित करून कागदावर उतरवतात, काही जण जुनी कागदपत्रे जतन करतात. तुमच्या भावनेबद्दल आम्हाला शंका नाही. ती भावना चुकीच्या क्रमाने कामाला लागते, एवढेच म्हणणे आहे. प्राध्यापकांविषयी तुम्हाला काय वाटते ते जरूर लिहा, पण नंतर. आधी ते काय शिकवत होते आणि कसे शिकवत होते, याचा पुरावा गोळा करा. आठवणी त्या पुराव्याला धरून लिहिल्या तरच त्यांना वजन येते.

प्राध्यापकांचे शोधनिबंध आणि पुस्तके ग्रंथालयात राहतात. त्यांची काळजी तुम्ही करायची गरज नाही. राहत नाही तो वर्गातला तास. त्याच्या खुणा थोड्याच ठिकाणी उरतात: विद्यार्थ्यांच्या वह्या, सायक्लोस्टाइल करून वाटलेली टिपणे, ट्यूटोरियलचे प्रश्न, प्रयोगशाळेतली सही केलेली जर्नले, प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यांवरचे समासातले शेरे आणि प्राध्यापकांची स्वतःची टाचणे. यातले जवळजवळ काहीच विद्यापीठाच्या दप्तरी नसते. असते ते तुमच्या सभासदांच्या माळ्यांवर आणि ट्रंकांत. ते रद्दीत जाते तेही ठरावीक वेळी: घर बदलताना, आईवडिलांचे घर रिकामे करताना, आणि प्राध्यापक निवृत्त होऊन विभागातली खोली सोडतात तेव्हा. यातला तिसरा प्रसंग सर्वांत घातक. खोली थोड्या दिवसांत मोकळी करून द्यायची असते, ग्रंथालय चांगल्या प्रती ठेवून घेते आणि समासात लिहिलेल्या, खुणा केलेल्या प्रती ‘खराब’ म्हणून परत करते. नेमक्या त्याच प्रती आपल्याला हव्या असतात. म्हणून निवृत्तीची तारीख कळली की सत्काराचे सभागृह ठरवण्याआधी त्या खोलीसाठी दोन माणसे नेमा. खोली आवरण्याआधी प्रत्येक कप्प्याचे छायाचित्र घ्या. कोणती फाइल कोणत्या फाइलीशेजारी होती यावरूनही पुष्कळ कळते, आणि एकदा खोके भरले की ती माहिती गेली ती गेलीच.

वह्यांवर आम्ही इतका भर का देतो, ते एका उदाहरणाने सांगतो. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी जिनिव्हा विद्यापीठात १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाशास्त्रावर तीन व्याख्यानमाला दिल्या आणि १९१३ साली ते वारले. स्वतःची टाचणे ते सांभाळून ठेवत नसत. शार्ल बाली आणि आल्बेर सेशे या त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या जमवल्या आणि १९१६ साली त्यांवरून एक सलग पुस्तक तयार केले. हे दोघे त्या व्याख्यानांना स्वतः हजर नव्हते. विसाव्या शतकातल्या भाषाशास्त्राची दिशा त्या पुस्तकाने बदलली. पुढे अभ्यासकांनी मूळ वह्या आणि छापील मजकूर शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा पुस्तकातले शेवटचे, वारंवार उद्धृत होणारे वाक्य एकाही वहीत सापडले नाही. ते संपादकांचे होते. हे उघडकीला आले याचे कारण एकच: पुस्तक निघाल्यावरही वह्या कुणी टाकल्या नव्हत्या. संपादकांनी चोख काम केले तरी मूळ कागद ठेवावेच लागतात, आणि संपादक कितीही जवळचे शिष्य असोत, त्यांचा हात मजकुरात उतरतोच. तुमच्या गौरवग्रंथालाही हे लागू आहे.

आता काम कसे करायचे ते.

निरोप पाठवताना ‘काही असेल तर पाठवा’ असे लिहू नका. असे लिहिले की लोक छायाचित्रे पाठवतात, तीही सहलीची. नेमके मागा: अमुक विषयाची वही, अमुक वर्षे, मुखपृष्ठासह. मूळ वही मागायची की स्कॅन, ते आधीच ठरवा. शक्यतो मूळ वही उसनी घ्या, पोचपावती द्या आणि परतीची तारीख लिहून द्या. पावतीवर पानांची संख्या आणि सुटे कागद किती, हे टाका. पुढचे बरेच रुसवेफुगवे त्याने टळतात. एकाच वर्षाच्या एकाच विषयाच्या निदान तीन वह्या मिळवायचा प्रयत्न करा. एक विद्यार्थी फळ्यावरचे सगळे उतरवतो आणि बोललेले सोडतो, दुसरा उदाहरणे टिपतो आणि व्याख्या गाळतो, तिसरा कंटाळला की चित्रे काढतो. तिन्ही शेजारी ठेवल्या की तास बराचसा उभा राहतो. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याची सुबक, घरी पुन्हा उतरवलेली वही दिसायला सुंदर असते, पण आपल्या कामाला तिचा उपयोग सर्वांत कमी. तिच्यात त्याने घरी वाचलेले पाठ्यपुस्तक मिसळलेले असते. खाडाखोड असलेली, तारखा टाकलेली, वर्गात लिहिलेली वही अधिक खरी.

स्कॅन करताना सर्रास होणारी चूक म्हणजे मोबाइलमधल्या ‘डॉक्युमेंट’ पद्धतीने काळे-पांढरे चित्र घेणे. त्यात पेन्सिल उडते, पिवळा कागद पांढरा होतो आणि लाल शाईतला शेरा व निळ्या शाईतला मजकूर यांतला फरकच नाहीसा होतो. रंगीतच घ्या. साध्या लिखाणाला ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) पुरते. फिकट पेन्सिल किंवा बारीक सूत्रे असतील तर ४००, छायाचित्रांना ६००. मूळ फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवा आणि वाटायला वेगळी पीडीएफ करा. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयला न दाबता (कॉम्प्रेस न करता) साधारण २६ एमबी होते, म्हणजे दोनशे पानांची वही पाच जीबीच्या आसपास जाते. हा आकडा आधी सांगतो, कारण फुकटच्या ऑनलाइन जागेवर हे काम सुरू करून अर्ध्यावर अडकणाऱ्या समित्या पुष्कळ असतात. कोरी पाने, मलपृष्ठ, आत खुपसलेली चिठ्ठी, बसचे तिकीट, सगळे त्याच क्रमाने स्कॅन करा. काय बिनमहत्त्वाचे हे ठरवायची घाई नको.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो, पण हातात धरून नाही. तो स्टँडवर, पानाला अगदी समांतर बसवा. दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश द्या, फ्लॅश बंद ठेवा. वहीची शिवण उसवू नका. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल मात्र काढा. ओढून नव्हे, मागचे पाय उलगडून. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका: काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि खालची अक्षरे घेऊन जातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आदराने प्रमाणपत्रासारखी लॅमिनेट केलेली पत्रे आमच्याकडे येतात, आणि त्यांचे पुढे काहीच करता येत नाही. ते प्लास्टिक मूळ कागद न दुखावता निघत नाही. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक पट्ट्या मिळाल्या तर ओल्या फडक्याने पुसू नका. त्यावरची बरीच शाई पाण्याने जाते. मागे पांढरा कागद ठेवून स्कॅन करा.

समासातल्या शेऱ्यांविषयी थोडे सविस्तर, कारण आमच्या मते खरा ऐवज तिथे आहे. समजा, प्रबंधाच्या खर्ड्यात विद्यार्थ्याने लिहिले आहे, ‘म्हणून या काळात उत्पादन घटले.’ मार्गदर्शकांनी ‘म्हणून’भोवती गोल काढून समासात ‘कशावरून?’ असे लिहिले आहे. पुढच्या पानावर दोन आकड्यांखाली रेघ आहे आणि बाजूला ‘बेरीज तपासा’. त्यापुढच्या चार पानांवर एकही शेरा नाही, आणि मग एकदम अर्ध्या परिच्छेदावर काट मारून ‘हे तुम्हाला माहीत आहे, वाचकाला नको आहे.’ गौरवलेखात या सगळ्याचे ‘सरांची नजर चिकित्सक होती’ असे एक वाक्य होते आणि त्यातले शिकवणे निघून जाते. त्याऐवजी असे करा: त्याच मार्गदर्शकांच्या पाच विद्यार्थ्यांचे खर्डे घ्या, शक्यतो वेगवेगळ्या दशकांतले. फक्त शेरे एका तक्त्यात उतरवा. कोणत्या पानावर, कोणत्या वाक्यावर, कोणत्या शाईत. प्राध्यापक सुरुवातीला भाषा दुरुस्त करत होते आणि पुढे पुढे फक्त प्रश्न विचारू लागले, की उलटे झाले. चांगल्या विद्यार्थ्याला जास्त शेरे मिळत की कमी. कौतुक कुठे आणि कोणत्या शब्दांत होते, हे त्यातून दिसते. असा एक तक्ता दहा लेखांच्या तोडीचा असतो. मात्र प्रबंध पुरा झाल्यावर विद्यार्थी पहिल्यांदा फेकतो ते हेच खर्डे. पक्की प्रत ग्रंथालयात आहेच, मग हा पसारा कशाला, असे त्याला वाटते. म्हणून तुमच्या निरोपात ‘कच्चे खर्डे’ हे शब्द ठळक लिहा.

जुन्या कॅसेट मिळाल्या तर आनंदाच्या भरात लगेच वाजवू नका. आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिक पट्ट्या मोडलेल्या आहेत का ते पाहा. नसतील तर मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. टेपवर पांढरट बुरशी दिसली तर ती वाजवायचीच नाही, जाणकाराकडे द्यायची. कोरडी आणि स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, टेपरेकॉर्डरचे हेड (टेप ज्याला घासून जाते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मगच लावा. १२० मिनिटांच्या कॅसेटची टेप पातळ असते. ती अडकते आणि ताणली जाते, तेव्हा तिला चांगले यंत्र राखून ठेवा. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकावर घ्यायला नव्वद मिनिटेच लागतात, त्याला आडवाट नाही.

आता मुलाखती. प्राध्यापक हयात असतील तर त्यांची, आणि नसले तरी विद्यार्थ्यांच्या, सहकाऱ्यांच्या, प्रयोगशाळा साहाय्यकांच्या आणि विभागाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे बसलेल्या लिपिकांच्याही. शेवटच्या दोघांना समित्या विसरतात. तासाला नेमके किती वाजता सुरुवात होत असे, कुणाची हजेरी कोरी असूनही भरली जात असे, कोणते उपकरण सरांनी स्वतः जुळवले होते, हे त्यांनाच ठाऊक असते.

एका बैठकीला तासभर, फार तर दीड तास. वय झालेल्या माणसाचा आवाज आधी थकतो आणि मग स्मरण. सकाळची वेळ बरी. खोलीत विचारणारा एक आणि यंत्र पाहणारा एक, बस्स. घरच्या मंडळींना प्रेमाने बाहेर बसवा, नाहीतर ‘अहो, ते साल ते नव्हे’ अशी दुरुस्ती सुरू होते आणि सांगणारा सांगायचे सोडून घरच्यांकडे पाहू लागतो. पंखा बंद करता येत नसेल तर माइक तोंडाच्या आणखी जवळ न्या. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर असावा, शालीच्या किंवा साडीच्या घडीखाली नको, कापड घासल्याचा आवाज नंतर काढता येत नाही. टाळी वाजवून पाहा, घुमत असेल तर पुस्तकांच्या किंवा पडद्यांच्या खोलीत जा. मोबाइलवरच मुद्रण करत असाल तर विमान-मोड लावा. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एका माइकला तासाला अर्धा जीबीच्या आसपास जागा लागते. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या हसण्यालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी. सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण मोठ्याने सांगा, आणि शेवटी अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीचा आवाज घेऊन ठेवा. संकलनात तो उपयोगी पडतो.

‘तुमच्या बालपणापासून सांगा’ असे सुरू केले तर पहिली बैठक गावातच संपते. हातात वस्तू देऊन सुरू करा. जुनी प्रश्नपत्रिका पुढे ठेवा आणि विचारा, ‘यातला तिसरा प्रश्न का घातला होता?’ प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला प्रत्येक प्रश्नामागचा डाव आठवतो: हा सगळ्यांना यावा म्हणून, हा पाठांतर करणाऱ्याला अडवण्यासाठी, याचे उत्तर दोन ओळींत येते पण ते ओळखायला विषय कळावा लागतो. त्यावरून तो विषय ते कसा पाहत होते तिथपर्यंत सहज जाता येते. दुसरा हमखास प्रश्न: ‘अभ्यासक्रमात असूनही तुम्ही काय शिकवत नव्हता, आणि का?’ तिसरा: ‘आधी शिकवलेले नंतर चुकीचे ठरले, असे काही?’ विद्यार्थ्यांना विचारताना ‘सर कसे होते’ हा प्रश्नच नको. चुकीचे उत्तर दिल्यावर सर काय करत. फळ्यावर पहिली ओळ काय असे. तासाच्या शेवटी विषय पुरा होई की अर्धा सोडला जाई. त्यांनी सांगितलेली कोणती गोष्ट तुम्ही आज तुमच्या विद्यार्थ्यांना सांगता आणि कोणती मुद्दाम सांगत नाही. उत्तरात विशेषण आले की थांबून ‘उदाहरणार्थ?’ एवढेच विचारा.

स्मरणाविषयी एक इशारा. माणसाला उतारवयात साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग इतर काळापेक्षा अधिक आठवतात, असे मानसशास्त्रातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. विद्यापीठाची वर्षे नेमकी त्यात येतात, म्हणून आठवणी ठसठशीत असतात. ठसठशीत म्हणजे बिनचूक नव्हे. साल, क्रम, कोण हजर होते, हे हमखास सरकते. शिवाय एकाने सांगितलेला किस्सा दुसऱ्याच्या स्मरणात स्वतः पाहिल्यासारखा जाऊन बसतो. यावर उपाय सोपा आहे: स्नेहमेळाव्याच्या आधी प्रत्येकाकडून एकट्याने लिहून किंवा बोलून घ्या. मेळावा झाल्यावर सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात. खास करून चुटक्यांपासून सावध राहा. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला सरांनी दिलेले हजरजबाबी उत्तर प्रत्येक विद्यापीठात, प्रत्येक पिढीत कुणा ना कुणा प्राध्यापकांच्या नावावर असते. दोन माणसांनी स्वतंत्रपणे, वर्गाचे वर्ष सांगून दिले तर ठेवा, नाहीतर ‘असे सांगतात’ म्हणून छापा.

उतरवून काढण्याच्या कामाला समित्या नेहमी कमी लेखतात. सरावलेल्या माणसाला एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास लागतात; दोन भाषा मिसळलेल्या आणि परिभाषेने भरलेल्या बोलण्याला त्याहून जास्त. संगणकाकडून पहिला खर्डा जरूर करून घ्या, पण तो विशेषनामे आणि पारिभाषिक शब्द बिघडवतो आणि कधी शांततेच्या जागी कुणी न बोललेले वाक्यही घुसवतो. ऐकून तपासल्याशिवाय त्यातली एक ओळही छापू नका. वर्गातली व्याख्याने असतील तर विषय जाणणारा माणूस लागतोच. अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठात १९६१ ते १९६३ या काळात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पदवीपूर्व विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवले. ती व्याख्याने ध्वनिमुद्रित झाली आणि फळ्याची छायाचित्रेही घेतली गेली. एवढी सोय असूनही एकेका व्याख्यानाच्या संपादनाला एका भौतिकशास्त्रज्ञाचे दहा ते वीस तास लागले, असे संपादकांनी नमूद केले आहे. तुमच्याकडे फळ्याची छायाचित्रे नाहीत. ‘हे इथून इकडे आले की ते शून्य होते’ या वाक्यातले ‘हे’, ‘इथून’ आणि ‘ते’ काय होते, हे वहीतूनच काढावे लागेल. वह्या आधी जमवा म्हणतो त्याचे हे आणखी एक कारण.

परवानग्यांची बाब कंटाळवाणी आहे, पण ती टाळली की तयार ग्रंथ अडकतो. पत्र ज्याला आले त्याच्याकडे कागदाची मालकी असते. मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या पश्चात वारसांचा. व्याख्यानालाही कॉपीराइट लागू होतो, कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात ‘व्याख्याने’ हा शब्द स्वतंत्रपणे आहे. म्हणजे तुमच्या वहीतले अक्षर तुमचे असले तरी त्यातला मजकूर छापायला प्राध्यापकांची किंवा त्यांच्या घरच्यांची लेखी संमती हवी. संमतीपत्र एका पानाचे करा आणि त्यात पर्याय वेगळे ठेवा: फक्त जतनासाठी, अभ्यासकांना दाखवण्यासाठी, छापण्यासाठी, ऑनलाइन ठेवण्यासाठी, अमुक वर्षांनंतर खुले करण्यासाठी. सरसकट ‘मला सर्व मान्य आहे’ यावर सही घेतली की पुढे वाद होतो. वह्यांत किंवा खोलीत इतर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, गुणांच्या याद्या, शिफारसपत्रे सापडतील; ती खासगी आहेत. स्कॅन करू नका, वेगळी बांधून विभागाच्या ताब्यात द्या. आणि मुलाखत दिल्यावर प्राध्यापक म्हणाले ‘हा भाग काढा’, तर काढायचा. त्यावर चर्चा नाही.

लेख कुणाकडून घ्यायचे? आज मोठ्या पदांवर असलेल्यांकडून, असा तुमचा कल असतो. त्यामुळे प्राध्यापक फक्त यशस्वी लोकांनाच शिकवत होते असे चित्र तयार होते. नापास झालेले, अर्ध्यावर सोडून गेलेले, विषय बदललेले, वर्गात मागे बसणारे, विभागातली पहिली किंवा एकटी मुलगी असलेली विद्यार्थिनी, दुसऱ्या भाषेतून आलेला मुलगा, यांच्याकडे जा. हजेरीपटाची प्रत मिळाली तर त्यातून नावे निवडा, ओळखीतून नको. शिक्षक कसा होता हे त्याच्या कमकुवत विद्यार्थ्यांना जितके कळते तितके सुवर्णपदकवाल्यांना कळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. यातून कधी कटू गोष्टीही येतील: पक्षपात, अपमान, विद्यार्थ्याच्या कामावर स्वतःचे नाव घालणे, त्याहून गंभीर काही. समितीने न्यायाधीश व्हायचे नाही, पण कानांवर हातही ठेवायचे नाहीत. सांगणाऱ्याला त्याच्यापुढचे रस्ते सांगा, त्याच्या मर्जीशिवाय ते कुठे पुढे नेऊ नका, आणि अशा गोष्टी माहीत झाल्यावर ‘विद्यार्थ्यांचे पितृतुल्य आधारवड’ असला मथळा छापू नका. किरकोळ दोष मात्र छापा. अक्षर वाचता येत नसे, तास वेळेवर संपत नसे, नवे संशोधन त्यांनी उशिरा स्वीकारले, हे लिहिल्याने कुणी लहान होत नाही. उलट बाकीच्या कौतुकावर वाचकाचा विश्वास बसतो.

लेखाला सहाशे ते आठशे शब्दांची मर्यादा घाला आणि एकच तास, एकच धडा किंवा एकच शेरा यावर लिहायला सांगा. मर्यादा नसली की लेखक स्वतःचे चरित्र लिहितात. संपादकाला परत पाठवण्याचा अधिकार समितीने आधीच, लेखी द्यावा. नंतर देणगीदाराचा लेख नाकारायची वेळ आली की तो अधिकार लागतो.

पारितोषिके आणि स्मृतिव्याख्याने याविषयी थोडक्यात. ठेवीच्या पूर्ण व्याजावर पारितोषिक बेतू नका. महागाई पाच टक्के धरली तर रकमेची किंमत चौदा वर्षांत निम्मी होते. सात टक्के व्याज मिळत असेल तर त्यातले पाच ठेवीत परत टाकून दोनच खर्चायचे, तरच पारितोषिक टिकते. या हिशेबाने पारितोषिक फारच लहान होत असेल तर तोच निधी वह्यांच्या स्कॅनिंगवर एकदाच खर्च करणे शहाणपणाचे. कोनशिला, तैलचित्र, सभागृहाला नाव, यांबद्दल आमचे काही म्हणणे नाही. ते करायला तुम्हाला आमची गरज नसते.

शेवटी साठवण. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. पेन ड्राइव्ह ही साठवण नव्हे, ती ने-आण. फाइलीचे नाव वर्ष-महिना-दिवस, मग विषय, मग वहीचा क्रमांक, मग पान असे द्या. ‘सरांची वही फायनल नवीन’ अशा नावाच्या फाइली दोन वर्षांनी कुणालाच उघडवत नाहीत. वर्षातून एकदा सगळ्या प्रती उघडून पाहण्याची जबाबदारी पदाला जोडा, व्यक्तीला नको, कारण कार्यकारिणी बदलते. मूळ कागद परत करायचे नसतील तर विद्यापीठाच्या अभिलेखागाराशी किंवा ग्रंथालयाशी लेखी करार करा, आणि त्यात ‘जागेअभावी काढून टाकण्यापूर्वी संघाला कळवावे’ हे कलम घाला. अशी यादी व करार नसलेली खोकी पहिल्या रंगकामात बाहेर पडतात.

या कामाला साधारण वर्ष लागते: पहिले तीन महिने वह्या आणि खर्डे, पुढचे चार मुलाखती, त्यानंतर उतरवणे व तपासणे, आणि लेख सर्वांत शेवटी, लेखकांना त्यांच्याच वहीची स्कॅन केलेली पाने पाठवून. सत्काराची तारीख दोन महिन्यांवर आली असेल तर ग्रंथाचा हट्ट सोडा. त्या दिवशी मानपत्र द्या, आणि सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडून येणाऱ्या प्रत्येकाकडून एवढेच लिहून घ्या: तुमच्याकडे कोणती वही आहे, कोणत्या वर्षाची, आणि ती आणायला कधी येऊ.

आपले,
गौरवग्रंथांचे संपादन, ध्वनिमुद्रण आणि कागदपत्रांचे जतन करणारे काही जण